पाठीवर लिहिलेले उत्तर

"फोटो काढून झाला की लगेच पुसा."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य कोणते, असे कुणी विचारले तर मी हेच सांगेन. मी एक जुना पांढरा फळा आहे. चार फूट रुंद, तीन फूट उंच. कडेने ॲल्युमिनियमची पट्टी आहे आणि खालचा डावा कोपरा थोडा चेपलेला आहे. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. संशय हा काही चांगला गुण नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण तो मी जन्माला येताना बरोबर आणला नव्हता. शाईचा पुसट डाग कितीही घासला तरी मागे राहतो, तसा तो माझ्यावर हळूहळू बसत गेला.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पत्र्याच्या तुकड्यावर पांढरा मुलामा चढवून मला भट्टीतून काढले. शेवटच्या टेबलाशी एक वयस्कर तपासनीस बसत असत. ते प्रत्येक फळ्यावर एक ओळ लिहीत, पुसत आणि डोके तिरके करून उजेडात बघत. माझ्यावर लिहिलेली ओळ पुसल्यावर ते म्हणाले, "काही मागे ठेवत नाही हा. गुणी आहे." ते माझे पहिले कौतुक. काही मागे न ठेवणे म्हणजेच चांगुलपणा, असे मला तेव्हा वाटले. मग माझ्या पाठीच्या उघड्या पत्र्याला एक क्रमांक चिकटवून त्यांनी मला पुढे ढकलले.

मी एका मोठ्या कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर आलो. खोलीला खिडकी नव्हती. एक लांब टेबल, आठ खुर्च्या आणि मी. ही मुलाखतीची खोली होती. संगणकाचे काम करणारे लोक नोकरीसाठी तिथे येत आणि माझ्यावर चौकोन, बाण, आकडे काढून आपण काय जाणतो ते दाखवत. त्यांत कंत्राटी लोक बरेच असत. कंत्राटी म्हणजे सहा महिन्यांसाठी यायचे, अडलेले काम सोडवायचे आणि निघून जायचे. कायम नोकरीवाल्यांच्या गळ्यातली फीत निळी, ह्यांची पिवळी. पिवळी फीत दिसली की दारावरचा रखवालदार पिशवी उघडून बघायचा.

पहिली दोन वर्षे मी भोळा होतो. येणारा मध्येच अडखळला की मला वाईट वाटे. मग हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. कार्यालयात काही बिघडले की त्याच आठवड्यात मुलाखती निघत. समजा, सगळी गिऱ्हाइके एकदम आली की यंत्रणा बसते, तर येणाऱ्या प्रत्येकाला नेमका तोच प्रश्न. आलेला बिचारा जीव ओतून उत्तर मांडायचा. चष्मेवाले साहेब मान डोलवायचे, "छान, आम्ही कळवू" म्हणायचे. दार बंद झाले की खिशातून फोन काढायचे. आणि मग ते वाक्य. कुणालाच कधी कळवले गेले नाही. बिघडलेले मात्र दुरुस्त व्हायचे.

तेव्हापासून मी कुणाच्या "छान"वर भरवसा ठेवला नाही.

एकदा एक कंत्राटी बाई आली. बारीक चणीची, हळू बोलणारी. तिने यंत्रणा का बसते आणि काय केले तर बसणार नाही, हे माझ्यावर इतके नीट मांडले की साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग तिने पिशवी खांद्याला लावली, फडके उचलले आणि सगळे पुसायला सुरुवात केली.

"अहो, अहो, ते राहू द्या," साहेब अर्धवट उठले.

"नाही, जागा होती तशी करून निघायचं, अशी सवय आहे मला," ती म्हणाली. कोपऱ्यातला शेवटचा बाणसुद्धा तिने सोडला नाही.

ती गेल्यावर साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. तिला कळवले गेले नाही, हे सांगायला नकोच. मला मात्र एकच प्रश्न पडला. ही बाई साधी होती, की चांगलीच हुशार?

पुढे काचेच्या फळ्यांचे दिवस आले. मला भांडारात मोडक्या खुर्च्यांमागे उभे केले. सहा-सात वर्षे माझ्यावर कुणी एक रेघ ओढली नाही. मित्रांनो, पुसले जाण्याचे दुःख असते, पण कुणी लिहीतच नाही हे त्याहून मोठे असते. मग एक दिवस कार्यालय दुसरीकडे हलवायचे ठरले. नको त्या वस्तूंवर "घेऊन जा" अशा चिठ्ठ्या लागल्या. त्याच इमारतीत, दुसऱ्या विभागात कुणा एजंटमार्फत एक कंत्राटी बाई सहा महिने काम करत होती. तिचा तो शेवटचा दिवस होता. ती भांडारात आली आणि माझी धूळ बोटाने पुसली. बोटावरूनच मी तिला ओळखले. तीच ती.

खाली रखवालदाराने अडवले. "पावती?"

"चिठ्ठी लावलीय की 'घेऊन जा' म्हणून."

"चिठ्ठी कुणीही लावतं," तो म्हणाला. मला तो माणूस फार आवडला. शेवटी वरून फोन आला तेव्हाच त्याने सोडले.

तिच्या घरी दोनच माणसे. ती आणि तिची आई. खोली अरुंद. एका भिंतीला कपाट, दुसऱ्या भिंतीला मी दोन खुंट्यांवर, आणि माझ्यासमोर तिचे टेबल, कारण विजेची जोडणी तिथेच होती. आई तरुणपणी टेलिफोन केंद्रात ऑपरेटर होती. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडायचे. आता ती घरी बसून कपडे आखूड-लांब करून देते. तिच्या आवाजात मात्र अजून ते केंद्र आहे.

लेकीचा एक नेम होता. सकाळी चहाच्या आधी एक प्रश्न. माझ्यावर मांडायचा, सोडवायचा, आईला मोठ्याने समजावून सांगायचा, मगच कप हातात घ्यायचा. आई समोर बसून म्हणायची, "बोला, ऐकतेय." तिला त्यातले काही कळत नसे. पण मध्येच तिचे बोट वर जायचे.

"इथे आवाज पडला तुझा."

"नाही गं."

"पडला. तुला इथलं येत नाही, आणि येतं असं दाखवते आहेस. अगं, बत्तीस वर्षं आवाज ऐकलेत मी. माणूस घरी असून नाही म्हणतो तेव्हा अस्साच आवाज येतो."

लेक हसायची, पुसायची, परत पहिल्यापासून. आईचे बोट पुन्हा वर आले तर सरळ म्हणायची, "बरं, इथून पुढे मला येत नाही."

"हं, आता आवाज सरळ आला," आई म्हणायची.

पण काम मिळत नव्हते. एक महिना गेला, चार गेले, सात गेले. तीन ठिकाणी मुलाखती झाल्या, तिन्हीकडून "कळवू". रिकामे महिने जितके वाढतात तितका पुढचा माणूस जास्त संशयाने विचारतो, की इतके दिवस घरी का बसलात. एजंटचा फोन आला की आई स्पीकर लावायला लावायची.

"मॅडम, ही कंपनी फार मोठी आहे. पण ह्या वेळी नाही झालं ना, तर मी तुमचं नाव पुढे पाठवू शकणार नाही. समजून घ्या. आणि हवं तर एक सोय आहे. आपला एक माणूस फोनवर राहतो. तो कानात उत्तर सांगतो, तुम्ही फक्त ओठ हलवायचे."

"नको," लेक म्हणाली.

"बरं, मग सरावाचे प्रश्न तरी पाठवतो. सात आहेत."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "ह्याचा आवाज हसतो, माणूस हसत नाही. ते प्रश्न ह्याने आणले कुठून?"

"आई, सराव सगळेच देतात."

मला त्या "नको"चाही विश्वास वाटला नाही. भीतीने नको म्हणणे वेगळे आणि मनातून नको म्हणणे वेगळे. मी माणसे एकटी पडलेली पाहिली होती. साहेब पाणी आणायला बाहेर गेले की तळहातावर लिहिलेले वाचणारी माणसे मी पाहिली होती.

रोज एक याप्रमाणे सात दिवस नेम चालला. मुलाखत सातव्या दिवशी दुपारी, घरूनच संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर होती. सकाळी तिने सातवा प्रश्न माझ्यावर सोडवला. गिऱ्हाइकाने घाईत एकच बटण दोनदा दाबले, तर काम एकदाच कसे करायचे? उत्तर सोपे होते. प्रत्येक मागणीला आपला क्रमांक द्यायचा, आणि तो क्रमांक आधी येऊन गेला असेल तर काम पुन्हा न करता जुनेच उत्तर परत द्यायचे. पेन सुकत आले होते, अक्षर फिकट उमटत होते. ती आंघोळीला गेली. आईला वाटले, पोरीला मदत करावी. डब्यांवर नावे घालायचे जाड काळे पेन तिने काढले आणि अक्षरन्‌अक्षर गिरवून ठेवले. वर प्रश्न, खाली उत्तर, बाणांसकट.

मुलाखतीला दहा मिनिटे राहिली तेव्हा लेक फडके घेऊन आली. एकदा घासले. दोनदा घासले.

"आई, हे कशाने लिहिलंस?"

"ठळक झालंय ना?"

"अगं, ही पक्की शाई आहे. जात नाही ही."

पक्क्या शाईवर फळ्याच्या पेनाने गिरवून लगेच पुसले की ती निघते, हे दोघींनाही माहीत होते की नाही कोण जाणे. असते तरी गिरवायला पेनात शाई कुठे होती? पाणी झाले, साबण झाला. एजंटने तर बजावले होते की मागे कोरी भिंत दिसली पाहिजे. शेवटी तिने बारीक फुलांची चादर माझ्यावर टाकली, दोन्ही टोके खुंट्यांना अडकवली आणि खुर्चीत जाऊन बसली. आई दाराबाहेर गेली. मला आता दिसत काहीच नव्हते, फक्त ऐकू येत होते.

"आधी कॅमेरा फिरवून खोली दाखवा," एक कोरडा आवाज आला. बाईंचा होता.

तिने दाखवली.

"मागे चादर कसली आहे?"

"मागे... पसारा आहे."

"बरं."

मित्रांनो, त्या "बरं"मधला संशय मी लगेच ओळखला. तो माझ्याच जातीचा होता.

"दुसरं कोणी आहे का आत?"

"आई आहे. दाराबाहेर."

"मी ऐकत नाहीये, तुमचं चालू द्या," बाहेरून आई म्हणाली.

कुणीतरी दुसरे, एक गृहस्थ, जरासे हसले. मग प्रश्न सुरू झाले. पहिला झाला, दुसरा झाला. तिचा आवाज सरळ होता. आणि मग कोरड्या आवाजाच्या बाईंनी विचारले, "समजा, गिऱ्हाइकाने घाईत एकच बटण दोनदा दाबलं."

हा तर सकाळचाच प्रश्न. पाठोपाठ तिला आधीच्या दोन प्रश्नांचीही आठवण झाली असणार, कारण शब्द बदलून आलेले तेही त्या सातांतलेच होते. मी मनाशी म्हटले, आता बोलेल. सगळे पाठ आहे, चादर वर आहे, सात महिने घरात गेले आहेत. कोण न बोलेल? मी तर तिचे ओठ हलण्याचीच वाट बघत होतो.

खुर्ची मागे सरकली. पावले आली. चादर खाली पडली.

"हा प्रश्न मला आधीच मिळाला होता," ती म्हणाली. "मघाचे दोनही. ह्याचं उत्तर इथे लिहिलेलं आहे. पसारा म्हणाले, ते खरं नव्हतं."

पडद्यावर दोघेही पुढे झुकले होते. बाईंनी माझ्यावरची ओळ न ओळ वाचली.

"हे तुम्ही आम्हाला का सांगताय?"

"न सांगता उत्तर दिलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं की मला येतं."

"म्हणजे येत नाही?"

"येतं. पण ते तुम्हाला कसं कळणार?"

गृहस्थ म्हणाले, "हे प्रश्न आम्ही आत बसून तयार केलेत. बाहेर गेले कसे?"

"एजंटने सरावाला म्हणून पाठवले. कुठून आणले ते मी विचारलं नाही. आईने विचारलं होतं. मी विचारायला हवं होतं."

बाईंनी समोरचा कागद बाजूला सारला. मग बाई म्हणाल्या, "दुसरा प्रश्न देते. हा आत्ता सुचलाय, कागदावर कुठेच नाही. कामांची रांग लागलीय. त्यातलं एक काम बिघडलेलं आहे. कितीदा केलं तरी होत नाही, आणि त्याच्यामुळे मागची सगळी अडून बसलीत. काय कराल? मांडून दाखवा."

मांडणार कशावर? माझे अंग भरलेले, पेने सुकलेली. तिने माझ्याकडे बघितले आणि दाराकडे वळून म्हणाली, "आई, जरा हात लाव गं. आणि तुझा खडू आण, कापडावर खुणा करायचा."

दोघींनी मला खुंट्यांवरून उतरवले. "सावकाश, कोपरा लागेल," आई म्हणाली. त्यांनी मला उलटे फिरवून टेकवले. माझी पाठ म्हणजे करडा, उघडा पत्रा आणि कारखान्याचा क्रमांक. त्या पाठीवर आजवर कुणी काही लिहिले नव्हते. खडूचे टोक टेकले तेव्हा मला शहारल्यासारखे झाले.

"टेलिफोन केंद्रात," ती लिहिता लिहिता बोलू लागली, "एखादा फोन लागत नसेल तर ऑपरेटर त्याच्यापाशी अडून बसत नाही. तो नंबर चिठ्ठीवर लिहून बाजूला ठेवते आणि मागचे जोडत राहते. मग एक मिनिटाने पुन्हा बघते. मग पाच मिनिटांनी. मग पंधरा. तीनदा नाही लागला तर चिठ्ठी वरिष्ठांकडे जाते. फेकून मात्र देत नाही." तिने मुख्य रांग काढली, बाजूची रांग काढली, थांबायच्या वेळा लिहिल्या. दारात उभ्या आईने मान डोलवली.

"आणि मागची दोन कामं त्याच गिऱ्हाइकाची असली तर?" बाईंनी विचारले. "पहिलं झाल्याशिवाय दुसरं करता येत नाही अशी?"

खडू थांबला. तिने एक बाण काढला, तळव्याने पुसला. आईचे बोट वर जायच्या बेतात होते.

"इथून पुढे मला आत्ता येत नाही," ती म्हणाली. "विचार करावा लागेल."

बाईंनी एक लांब श्वास घेतला. "स्पष्टच बोलते. कॅमेऱ्यातून दिसतं त्यावर मी आता विश्वास ठेवत नाही. चादरीचं सगळं तुम्ही ठरवून केलेलं असू शकतं. दाराबाहेरच्या आईसकट."

"असू शकतं," ती म्हणाली.

"उद्या अकराला ऑफिसात या. हाच फळा घेऊन. पाठीवरचं पुसू नका, वाढवू नका. राहिलेलं आमच्यासमोर पुरं करा."

"येते. न पुसता आणते. पण एक विचारू? त्याचा फोटो काढायचा झाला, तर आधी मला विचाराल?"

समोरच्या दोघांनी एकमेकांकडे बघितले.

"विचारू," बाई म्हणाल्या.

मला तेव्हा माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. त्या बिनखिडकीच्या खोलीत तिने सवय म्हणून पुसले नव्हते. तिला सगळे कळत होते, आणि कळत असूनही ती कुणाला टाकून बोलली नव्हती.

संध्याकाळी एजंटचा फोन वाजत राहिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आईने उचलला आणि जुन्या आवाजात म्हणाली, "आपण लावलेला क्रमांक सध्या आपल्याशी बोलू इच्छित नाही." लेक कपाटाला टेकून कितीतरी वेळ हसत होती. मग तिचे हसू ओसरले. तो आता तिचे नाव पुढे पाठवणार नव्हता. उद्याचे अकरा एवढेच काय ते हातात होते.

मित्रांनो, मी काही फार मोठी वस्तू नाही. पण तुमच्या शाळेत, कार्यालयात माझे भाऊबंद असतील, म्हणून एवढे मागतो. पेनाचे टोपण लावत जा. पक्क्या शाईचे पेन फळ्यापासून दूर ठेवा. आणि फळ्यावर दुसऱ्याने काही मांडले असेल, तर ते उचलण्याआधी किंवा पुसण्याआधी त्याला विचारा. चार चौकोन आणि दोन बाण दिसतात, पण त्यामागे कुणाच्या तरी कित्येक सकाळी गेलेल्या असतात. मी आयुष्यभर संशय घेतला आणि बहुतेक वेळा तो खरा ठरला. एकदा खोटा ठरला. त्या एकदाचे मला मोल वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेम मोडला नाही. मला हात लावायचा नव्हता, म्हणून एका जुन्या पाकिटाच्या मागे पेन्सिलीने ती काहीतरी मांडत बसली. मग देवाला हात जोडले, चहा घेतला. आईने फडके पुढे केले.

"हे पिशवीत टाक. मागच्यासारखे निघाले तर पुसून यायला."

"नको आई. न पुसता आणते म्हणालेय."

"तो त्यांचा आवाज मला अजून कळला नाहीये, बघ."

"मलाही नाही," लेक म्हणाली.

खरे सांगायचे तर मलाही नाही. त्या विचारतील का, की दार बंद झाल्यावर खिशातून फोन निघेल? मला शंका आहे.

तिने माझ्या पुढच्या बाजूला चादर घातली, सुतळी फक्त कडांवरून बांधली आणि पाठ बाहेरच्या अंगाला घेऊन मला उचलले. जिना अरुंद होता. ती आडवी होऊन एक एक पायरी उतरली. कठड्याशी, भिंतीशी थांबत, खडूची एक रेघसुद्धा कशाला लागणार नाही असे बघत. खाली आल्यावर तिने पकड बदलली, कडा दोन्ही हातांनी धरल्या, आणि मला अंगापासून वीतभर दूर ठेवून रस्त्याच्या कडेने सावकाश चालू लागली.